१/२० १२के जीएफ : जुन्या दागिन्यांवरचे हे शिक्के कसे वाचायचे?

चाफेकळी (सोलापूर)

नमस्कार. आमच्या आजेसासूबाईंचा दागिन्यांचा डबा आता वाटायचा आहे. मी, धाकटी जाऊ आणि नणंद अशा आम्ही तिघी. बोरमाळ, ठुशी, पाटल्या यांचा काही प्रश्न नाही. त्यांचं वजन, कस, घडणावळ सगळं आजींनी स्वतःच्या हातानं वहीत लिहून ठेवलंय. अडलंय ते डब्याच्या तळाशी निघालेल्या विलायती वस्तूंवर. वहीत त्यांची नोंदच नाही.

एक बिजागरीचं कडं आहे, वर वेलबुट्टी कोरलेली. फासाच्या जिभेवर बारीक रोमन अक्षरांत १/२० १२के जीएफ. एक बदामाच्या आकाराचं, आत फोटो ठेवायचं लॉकेट. झाकणाच्या आत तोच शिक्का. साडीला लावायचा ब्रोच, पाठीवर १/४० १०के आरजीपी. सोनेरी काड्यांचा चष्मा, नाकाच्या कमानीखाली १/१० १२के. आजेसासऱ्यांचं खिशातलं घड्याळ, त्याचं मागचं झाकण उघडलं की आत २० वर्षांच्या गॅरंटीचं काहीतरी इंग्रजीत. आणि एक साधी अंगठी, तिच्यावर नुसतं १४.

सराफ बाजारात दोन पेढ्यांवर दाखवलं. एका ठिकाणी हातात घेतलं आणि "पितळ आहे" म्हणून परत केलं. दुसरीकडे कडं मशीनमध्ये ठेवलं तर सोनं ४९ टक्के आलं. तेव्हापासून नणंदबाई म्हणतात की कडं १२ कॅरेटचं आहे, वजन वीस ग्रॅम, तेव्हा दहा ग्रॅम सोनं धरून वाटणी करा. जाऊ म्हणते पितळ कुणाला हवंय. डब्यासाठी घरात तोंडं फिरायला नकोत म्हणून विचारतेय, दोघांपैकी खरं कोण?

होटगीरोड

ताई, मशीन कशाला खोटं सांगेल? ४९ टक्के म्हणजे जवळपास १२ कॅरेटच झालं की. ज्यांनी पितळ सांगितलं त्यांनी नीट बघितलंच नसेल. आज भाव चढा आहे, दहा ग्रॅमचे पैसे काही थोडे होत नाहीत. दुसरीकडे मोडून टाका आणि तिघींत पैसे वाटून घ्या.

कसोटी

चाफेकळीताई, कृपा करून काहीही मोडायला देऊ नका. माझी हयात सराफी पेढीवर गेली आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुम्हाला दोन्हीकडे जे सांगितलं ते आपापल्या जागी बरोबर आहे, आणि दोन्ही अपुरं आहे. जीएफ म्हणजे गोल्ड-फिल्ड. ही पद्धत आपल्याकडच्या मुलाम्यापेक्षा वेगळी. मुलाम्यात तयार दागिना पाण्यात बुडवून विजेनं सोन्याचा अतिपातळ थर चढवतात. गोल्ड-फिल्डमध्ये दागिना घडवायच्या आधीच सोन्याचा पत्रा पितळेसारख्या धातूच्या जाड पाटीवर उष्णतेनं आणि दाबानं जोडतात, मग ती जोडपाटी लाटत लाटत पातळ करतात आणि त्या पत्र्यातून किंवा तारेतून दागिना घडवतात. म्हणून तो थर सालपटासारखा निघत नाही आणि रोज वापरूनही पुष्कळ वर्षं टिकतो.

आता शिक्का वाचू. १२के हा कस फक्त वरच्या थराचा आहे, संपूर्ण कड्याचा नाही. आणि १/२० म्हणजे एकूण धातूच्या वजनाचा विसावा भाग त्या थराचा. कडं वीस ग्रॅमचं, तर थर एक ग्रॅम. तो १२ कॅरेटचा, म्हणजे त्यात निम्मं सोनं. सगळ्या कड्यात मिळून शुद्ध सोनं अर्धा ग्रॅम. दहा ग्रॅम नव्हे. आणि हा अर्धा ग्रॅमही कडं नवं होतं तेव्हाचा. इतक्या वर्षांच्या वापरात थोडंफार झिजलेलं असणार.

मशीननं ४९ का दाखवलं? ते मशीन क्ष-किरणांनी पृष्ठभाग वाचतं. सोन्यात ते किरण मायक्रॉनच्या, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या, हिशेबानंच आत जातात. मुलाम्याचा थर इतका पातळ असतो की किरण आरपार जाऊन खालचं तांबं-जस्त दाखवतात आणि मुलामा लगेच पकडला जातो. तुमच्या कड्याचा थर मात्र जाड आहे, किरण त्यातच अडकले. मशीननं थराचा कस अचूक सांगितला, त्याखाली काय आहे ते त्याला दिसलंच नाही. कसोटीच्या दगडावर हलकी रेघ ओढून तेजाब लावलं तरी असंच फसायला होतं.

त्यामुळे आमच्या धंद्यातले जुने लोक संशय आला की कानशीनं खाच पाडून आत बघायचे. ती खाच मात्र तुमच्या वस्तूंवर कुणालाही पाडू देऊ नका. पेढीवर देतानाच तसं स्पष्ट सांगा.

चाफेकळी

कसोटीकाका, मनापासून आभार. नणंदबाईंना वाचून दाखवलं. त्यांचा प्रश्न असा की, हे फक्त शिक्क्यावरून. शिक्काच खोटा असेल तर? किंवा सगळं कडं खरंच १२ कॅरेटचं असेल तर? खाच न पाडता खात्री कशी करायची? आणि त्या ब्रोचवरचं आरजीपी म्हणजे काय?

जुनीमिल

याला घरच्या घरी करायचा उपाय आहे, घनता काढायची. ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा काटा कुणाकडून तरी मिळवा. आधी कडं कोरडं तोला आणि वजन लिहून ठेवा. मग काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्य करा. कडं बारीक दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडेल असं सोडा, तळाला किंवा काठाला टेकू देऊ नका. बुडबुडे चिकटले असतील तर हलवून घालवा. आता काटा जो आकडा दाखवेल तो कड्यानं बाजूला सारलेल्या पाण्याचा. कोरड्या वजनाला त्या आकड्यानं भागलं की घनता मिळाली.

शुद्ध सोन्याची घनता १९.३, २२ कॅरेटची साधारण १७.७ च्या आसपास, १४ कॅरेटची १३ च्या जवळपास, पितळेची साडेआठच्या आगेमागे. १/२० चं गोल्ड-फिल्ड पितळेपेक्षा किंचितच जड भरतं, ८.६ वगैरे. म्हणजे वीस ग्रॅमचं कडं सगळंच १२ कॅरेटचं असेल तर काटा दीड-पावणेदोन ग्रॅम दाखवेल आणि गोल्ड-फिल्ड असेल तर सव्वादोनच्या वर. एवढा फरक साध्या काट्यावरही स्पष्ट दिसतो.

खडे असलेल्या, काच असलेल्या, पोकळ किंवा आत लाख भरलेल्या दागिन्याला ही युक्ती चालत नाही. लॉकेट आणि बोरमाळ करून बघू नका, उत्तर भलतंच येईल.

लोहचुंबक लावून बघतात बरेच जण. त्यानं काही सिद्ध होत नाही. सोनंही चिकटत नाही आणि पितळही चिकटत नाही.

कसोटी

जुनीमिल यांनी उत्तम सांगितलं. आरजीपी म्हणजे रोल्ड गोल्ड प्लेट. कृती तीच, पत्रा जोडून लाटायची, फक्त सोनं कमी. अमेरिकेतल्या नियमानं गोल्ड-फिल्ड म्हणवून घ्यायला थर निदान १० कॅरेटचा आणि वजनाच्या विसाव्या भागाइतका लागतो. त्याहून कमी असेल तर अपूर्णांक लिहून आरजीपी म्हणायचं. तुमचा ब्रोच १/४० १०के आहे, म्हणजे चाळिसावा भाग थर आणि तो १० कॅरेटचा. दहा ग्रॅमच्या ब्रोचमध्ये शुद्ध सोनं एक दशांश ग्रॅमच्या आसपास.

उलट चष्मा बघा. १/१० १२के. दहावा भाग! चष्म्याच्या चौकटीला घाम लागतो, कातडीला सतत घासते, म्हणून तिथे जास्त सोनं घालायचे. अपूर्णांक लिहिलेल्या सगळ्या वस्तूंत प्रमाणानं सर्वांत श्रीमंत चष्मा आहे आणि त्याच्याकडे कुणाचं लक्ष नाही. जुन्या पार्कर ५१ पेनांच्या सोनेरी टोप्यांवरही १/१० दिसतं. ज्यांच्या घरी वकील, मास्तर, मिलमधले हेडक्लार्क होते त्यांनी आजोबांच्या पेनाची टोपी भिंगाखाली जरूर बघावी.

तुमच्याकडे नसलेले, पण बाजारात हटकून भेटणारे शिक्के जीपी, जीईपी आणि एचजीई. हे तिन्ही विजेनं चढवलेले मुलामे. एचजीईमध्ये थर थोडा जाड, तरी अडीच मायक्रॉनच्या घरातला. तुलनेसाठी सांगतो, एक मिलिमीटर जाडीच्या पत्र्यावर एकाच बाजूनं १/२० चा थर असेल तर तो हिशेबानं पस्तीसेक मायक्रॉन भरतो. एखाद्या जाडजूड अंगठीवर १८के एचजीई बघून १८ कॅरेटची समजून घेणारे लोक मी फार पाहिलेत. आकड्यामागे अक्षरं असली तर ती आधी वाचायची, आकडा नंतर.

पूर्वभाग

ओ ताई, आमच्या पद्मशाली घरांत तर नकली सगळ्यालाच रोल्ड गोल्ड म्हणतात. गड्ड्याच्या जत्रेत होम मैदानावर घेतलेल्या बांगड्या पण रोल्ड गोल्डच. माझ्या आजीची एक साखळी त्याच नावाखाली पोरींना खेळायला दिली होती. हा धागा वाचून काल बघितली तर फासाच्या कडीवर १/२० १२के जीएफ! साखळी अजून पिवळीधमक आहे. पण काका, शिक्का फक्त फासावर आहे, साखळीवर काहीच नाही. मग साखळी पण तशीच धरायची का?

कसोटी

नाही धरायची, आणि हे सगळ्यांनी लक्षात ठेवण्यासारखं आहे. फास तुटतात, बदलले जातात. चांगल्या साखळीला साधा फास आणि साध्या साखळीला चांगला फास, दोन्ही दिसतं. साखळीची एक कडी जिथे दुसऱ्या कडीवर घासते तिथे भिंगानं बघा, दहापट दाखवणारं भिंग पुरे. सगळ्यात जास्त झीज तिथेच होते. तिथे आतला धातू वेगळ्या रंगाचा, लालसर किंवा फिकट हिरवट-पिवळा दिसला तर थर संपलाय. इतक्या वर्षांनी तिथेही रंग एकसारखा असेल तर गोल्ड-फिल्ड असण्याचा संभव दांडगा. साखळीला घनतेचा प्रयोगही करता येईल, फक्त बुडबुडे नीट झटका.

टिकटिक

घड्याळाबद्दल मी लिहितो, माझा जीव त्यातच अडकलेला असतो.

ती २० वर्षांची गॅरंटी घड्याळ चालण्याची नाही, वरच्या थराची आहे. केस, म्हणजे घड्याळाचं बाहेरचं धातूचं घर, बनवणारी कंपनी वचन द्यायची की वीस वर्षांत सोनं झिजून खालचा धातू उघडा पडणार नाही. ५, १०, २०, २५ वर्षं अशा प्रती असत. साधारणपणे २५ वर्षांच्या केसला १४ कॅरेटचा थर आणि २० वर्षांच्या केसला १० कॅरेटचा. जेम्स बॉस नावाच्या अमेरिकन कारागिरानं १८५९ मध्ये अशा केसचं पेटंट घेतलं, म्हणून पुष्कळ झाकणांच्या आत जे. बॉस असं कोरलेलं सापडतं. १९२४ मध्ये अमेरिकेत वर्षांची गॅरंटी छापणं बंद करायला लावलं. म्हणजे तुमच्या आजेसासऱ्यांची केस त्याआधीची, शंभरी ओलांडलेली!

तबकडीवर वॉल्थम किंवा एल्जिन या घड्याळ कंपन्यांपैकी एखादीचं नाव आहे का बघा. अमेरिकेत यंत्र एका कंपनीचं आणि केस दुसऱ्या कंपनीची, गिऱ्हाईक दुकानात दोन्ही निवडून जोडून घ्यायचं. त्यामुळे यंत्राच्या नंबरावरून निघणारं साल आणि केसचं वय यांत थोडा फरक पडू शकतो.

पूर्ण सोन्याची केस असती तर वर्षांचा आकडा नसता, कस असता. जुन्या स्विस सोन्याच्या केसवर सरकारी छाप दिसतो, १४ कॅरेटला खार आणि १८ कॅरेटला हेल्व्हेशियाचं, म्हणजे स्वित्झर्लंडचं प्रतीक असलेल्या स्त्रीचं, शिर. मनगटी घड्याळांत १०के आरजीपी बेझेल आणि मागे स्टेनलेस स्टीलचं झाकण ही जोडी फार दिसते. तिथे फक्त पुढच्या कड्यावर थर असतो, केसचं सगळं वजन धरायचं नाही.

चाफेकळी

टिकटिक, तबकडीवर वॉल्थमच आहे! इतके दिवस मी ते दुकानदाराचं नाव समजत होते.

एक विचारायचं राहिलं. हे अमेरिकन सामान सोलापुरात आलं कसं? आमच्या घरात अमेरिकेला कुणीच गेलेलं नव्हतं. आजी लग्नाआधी वोरोनोको शाळेत शिकवायच्या, एवढंच ठाऊक आहे.

जुनीमिल

ताई, उत्तर तुमच्या शेवटच्या वाक्यात असण्याची शक्यता आहे. वोरोनोको ही अमेरिकन मराठी मिशनची शाळा. मिशनची मातृसंस्था बॉस्टनची, तिचे लोक १८१३ मध्ये मुंबईत उतरले आणि पुढे सोलापूर हे त्यांचं मोठं ठाणं झालं. वोरोनोको हे मूळचं मॅसॅच्युसेट्समधल्या एका गावाचं नाव. त्याच राज्यातलं अ‍ॅटलबरो आणि शेजारच्या ऱ्होड आयलंडमधलं प्रॉव्हिडन्स ही गोल्ड-फिल्ड दागिन्यांची मोठी केंद्रं होती. मिशनच्या बायका कामासाठी इकडे येत, जाताना शाळेतल्या शिक्षिकांना भेटवस्तू देऊन जात असतील, हे सहज शक्य आहे. हा अंदाज आहे, पुरावा नव्हे. लॉकेटमध्ये फोटो आहे का? शाळेच्या काळातला एखादा समूहफोटो घरात असेल तर आजींच्या गळ्यात लॉकेट दिसतंय का बघा.

होटगीरोड

सगळं पटलं. पण व्यवहाराचं बोलू. अर्धा ग्रॅम तर अर्धा ग्रॅम, आजच्या भावानं त्याचेही पैसे होतातच ना? मग आटवून का घेऊ नये?

कसोटी

कारण ते अर्धा ग्रॅम सोनं साडेएकोणीस ग्रॅम इतर धातूंतून वेगळं काढायचं आहे. मुशीत आटवल्यावर सगळं एकजीव होतं, मग तेजाबानं शुद्धीकरण, त्यात घट, त्यात मजुरी. शुद्धीकरणवाले असा माल किलोनं घेतात, एका कड्यासाठी भट्टी पेटत नाही. सराफानं पितळ म्हणून परत केलं ते याच हिशेबानं. तेच कडं शाबूत, कोरीव काम चांगलं, शिक्का वाचता येतोय अशा अवस्थेत असेल तर जुन्या वस्तू जमवणारे लोक त्याला वस्तू म्हणून मोल देतात. विकत घेतानाही हाच नियम उलट लावा. कुणी जुनं गोल्ड-फिल्ड म्हणून सोन्याच्या भावात वजनावर विकत असेल तर घेऊ नका. ऑनलाइन अगदी नव्या, स्वस्त साखळ्यांवर १८के जीएफ लिहिलेलं असतं, त्यातल्या बहुतेक साध्या मुलाम्याच्या.

आणि आपल्याकडच्या हॉलमार्कचा याच्याशी संबंध नाही. भारतीय मानक ब्युरोचं सोन्याचं हॉलमार्किंग २००० मध्ये सुरू झालं, एचयूआयडी हा दागिन्याचा सहा अक्षरी-अंकी ओळख क्रमांक १ जुलै २०२१ पासून. ते संपूर्ण सोन्याच्या दागिन्यांसाठी आहे, थराच्या वस्तूंवर तो छाप नसतोच. आजींच्या पाटल्यांवर तो नाही म्हणून त्या खोट्या ठरत नाहीत, आणि कड्यावर नाही म्हणून ते फसवं ठरत नाही.

अंगठीबद्दल मात्र मला उत्सुकता आहे. नुसतं १४, मागे-पुढे एकही अक्षर नाही? आतून सोनाराचं काही चिन्ह? १९६३ च्या जानेवारीत मोरारजी देसाई अर्थमंत्री असताना सुवर्ण नियंत्रण आलं आणि १४ कॅरेटपेक्षा जास्त कसाचे दागिने घडवायला बंदी झाली. १९६६ मध्ये ती अट उठली. पुढे १९६८ चा सुवर्ण नियंत्रण कायदा होता, तो १९९० मध्ये रद्द झाला. १९६३ ते १९६६ या तीनेक वर्षांत आपल्या सोनारांवर फार वाईट वेळ आली, कित्येकांची भट्टी थंड झाली, हातातलं कसब सोडून माणसं मिळेल त्या कामाला लागली. आमच्या गल्लीतल्या वडीलधाऱ्यांच्या तोंडून ते ऐकताना अजून पोटात तुटतं. त्या काळात लग्न झालेल्या कुणाची ही अंगठी असेल तर ती पूर्ण १४ कॅरेट सोन्याची असू शकते. तिची घनता आधी काढा.

चाफेकळी

काढली! भाचा काटा घेऊन आला, तिघी मिळून बसलो होतो.

कडं कोरडं २०.१० ग्रॅम, पाण्यात काट्यानं २.३३ दाखवलं. भागाकार ८.६३. जुनीमिल म्हणाले तसंच. नणंदबाईंनी स्वतः दोरा धरला होता, त्यामुळे आता त्यांचीही शंका नाही.

अंगठी ३.०२ ग्रॅम, पाण्यात ०.२३. भागाकार १३.१. आणि सासऱ्यांच्या चुलत्यांचं लग्न १९६४ चं, ही अंगठी त्यांनी आजींकडे ठेवायला दिली होती असं मोठ्या आत्यांनी फोनवर सांगितलं. म्हणजे ती अंगठी आमच्या वाटणीतच येत नाही, त्यांच्या मुलांकडे जायला हवी. तसं सगळ्यांनी मिळून ठरवलंय.

जुनीमिल

फार छान झालं. अंगठी लहान आहे, काट्यात एक शतांश इकडे-तिकडे झालं तरी उत्तर साडेबारा ते पावणेचौदा असं हलतं. पितळ नाही हे नक्की. नेमका कस हवा असेल तर हॉलमार्किंग केंद्रावर तपासून घ्या. ती सबंध सोन्याची असेल तर तिथे मशीनचा आकडा विश्वासाचा.

चाफेकळी

तसंच करतो. कडं मी घेतेय, घड्याळ नणंदबाईंना, लॉकेट आणि ब्रोच जावेला हवंय. आता तिला ते पितळ वाटत नाही. चष्म्याचं अजून ठरलेलं नाही, पण टाकायचा नाही एवढं नक्की. शेवटचा प्रश्न, कड्याच्या बिजागरीचा खिळा सैल झालाय आणि सांध्यात हिरवं धरलंय. सोनाराकडे डाग देऊन, म्हणजे तापवून सांधून, घेऊ का? उजाळा दिला तर चालेल?

कसोटी

डाग अजिबात नको. झोताखाली सांध्याजवळचा थर काळवंडतो, सोनं खालच्या धातूत मुरतं आणि तिथे कायमचा डाग पडतो. बिजागरीचा जुना खिळा काढून त्याच जाडीची पितळी तार घालायची आणि दोन्ही टोकं हलकेच ठोकून बसवायची. उष्णता न लावता होणारं काम आहे, जुना घड्याळजीसुद्धा करून देईल.

उजाळाही नको. पॉलिशच्या चाकावर प्रत्येक वेळी थोडा थर जातो, आणि गेलेला थर परत आणता येत नाही. वेलबुट्टीच्या उंच कडा सगळ्यात आधी उघड्या पडतील. कोमट पाण्यात रिठा किंवा अगदी सौम्य साबण, लहान मुलांचा मऊ ब्रश, नंतर सुती कापडानं टिपून सावलीत पूर्ण कोरडं करा. टूथपेस्ट, चिंच, लिंबू काहीही लावू नका. सांध्यातलं हिरवं लाकडी काडीच्या टोकानं हळूहळू काढा, सुई वापरू नका. ठेवताना चांदीच्या आणि मोत्यांच्या वस्तूंपासून वेगळ्या मऊ पुरचुंडीत ठेवा. आणि शिक्क्याचा फोटो काढून आजींच्या वहीत, तारीख आणि कोरड्या वजनासकट चिकटवा, म्हणजे पुढच्या पिढीला पुन्हा पेढ्या फिरायला लागणार नाहीत.

टिकटिक

नणंदबाईंना सांगा, वॉल्थमला लगेच चावी देऊन बघू नका. आतलं तेल वाळलेलं असणार, आधी यंत्र उघडून साफ करून घ्या. आणि यंत्रावरचा नंबर इथे टाका, त्यावरून साल शोधायला मी मदत करतो.